वाटी, वही आणि पावलं : आहार आणि हालचालीचा आजाराशी संबंध कसा अभ्यासावा

आमचे आण्णा एसटीत कंडक्टर होते. खांद्याला कातडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि टिकटिक वाजणारा तो चिमटा. भरलेल्या गाडीत ते पुढून मागे आणि मागून पुढे किती वेळा जातात, हे मोजायला मी लहानपणी एकदा सातारा-कराड गाडीत बसले होते. उंब्रजपर्यंतच मोजणं चुकलं. पन्नाशीनंतर गुडघ्याने दगा दिला आणि त्यांना डेपोत खुर्चीवरचं काम मिळालं. डबा तोच राहिला : दोन भाकरी, पिठलं, कांदा, खर्डा. तीन वर्षांत पट्ट्याचं बक्कल दोन भोकं पुढे सरकलं आणि रक्तात साखर निघाली.

पुढे एमएस्सीला असताना जेरेमी मॉरिस यांचा लंडनच्या बसवाल्यांवरचा अभ्यास वाचला. १९५३ सालचा. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावर. दोघे एकाच गाडीवर, एकाच शहरात, साधारण एकाच थरातले. मॉरिस यांना दिसलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी उशिरा व सौम्य होतो. ते पान वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आण्णाच होते. पुस्तकातल्या एखाद्या तक्त्यात आपल्या घरातलं माणूस दिसावं, असं मला तेव्हा पहिल्यांदाच झालं.

पण त्या अभ्यासाचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. १९५६ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवाल्यांच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटची मापं पाहिली. ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा जास्त निघाल्या, अगदी तरुण वयातसुद्धा. म्हणजे काही फरक कामाला लागण्याआधीपासूनचाही असू शकत होता! आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाच्या मुळाशी शंका लावून बघायची, तीही शिंप्याच्या नोंदींवरून. अभ्यास कसा करायचा असं कुणी विचारलं की मी हे दोन अभ्यास एकापुढे एक ठेवते.

सव्वीस वर्षं मी पोषणशास्त्र शिकवलं. दर वर्षी मुलींना (पुढे मुलगेही आले) घेऊन कराडच्या आसपासच्या गावांत गेले. माणसं काय खातात, किती हलतात आणि त्यांच्या शरीराचं काय होतं, एवढंच पाहायला. गृहविज्ञानाचा प्रकल्प असो, एमपीएचचा (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध असो की एखाद्या आशाताईला आपल्याच गावाचं चित्र समजून घ्यायचं असो, त्या सगळ्यांसाठी हे लिहीत आहे.

आधी प्रश्न आवरा

‘आहार आणि व्यायामाचा आरोग्यावर होणारा परिणाम’ हा विषय कुणी घेऊन आलं की मी वही परत करते. यातून काहीच मोजता येत नाही. कोणाचा आहार? त्यातलं नेमकं काय? कोणता आजार, की आजाराआधीचं एखादं माप? ‘आमच्या गावातल्या चाळिशीच्या पुढच्या बायका रोज किती पालेभाजी खातात आणि किती वेळ उभं राहून काम करतात’ हा प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्याला उत्तर आहे. तीन महिने आणि चार मुली एवढ्या बळावर मधुमेहाचं कारण सापडत नाही. सवयीचं खरं चित्र मात्र मिळतं, आणि तेही फार थोड्या गावांचं लिहून ठेवलेलं आहे.

घरं निवडताना मोठ्या रस्त्याकडेची पक्की घरं पहिली दिसतात आणि तिथे चहाही मिळतो, म्हणून सगळे तिथेच बसतात. तसं करू नका. ग्रामपंचायतीकडून घरांची यादी घ्या आणि चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत आलेलं घर मळ्यातल्या वस्तीवर असेल तर मळ्यात जा. यादीत नसलेलीही माणसं असतात. हंगामात ऊसतोडीला आलेली कुटुंबं कोप्यांमध्ये राहतात, त्यांची नावं या गावच्या कुठल्याच कागदावर नसतात. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईएवढी हालचाल त्या गावात कुणीच करत नाही. तिला वगळून काढलेली सरासरी त्या गावाची नव्हे. तिला धरायचं नसेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

वाटी मोजून घ्या

‘एक वाटी आमटी’ ही नोंद निरुपयोगी आहे. प्रत्येक घरातली वाटी वेगळी. आम्ही मापाचा प्लास्टिकचा पेला, डिजिटल वजनकाटा आणि चमच्यांचा संच घेऊन जायचो. ज्या वाटीत रोज वाढतात तीच मागायची, पाण्याने भरायची, ते पाणी मापात ओतायचं आणि आकडा वहीत त्या घराच्या पानावर वर लिहून ठेवायचा. वाट्या १२० मिलिलिटरपासून २५० पर्यंत निघतात. भाकरीचं तसंच. काकूंना म्हणायचं, ‘एका भाकरीला घेता तेवढं पीठ परातीत काढा.’ त्यांचा हात इतका बसलेला असतो की तीनदा काढलं तरी दोन-चार ग्रॅमचाच फरक येतो. ते पीठ तोलायचं.

तेल आणि मीठ विचारून कधीच कळत नाही, कारण ‘फोडणीपुरतं’ आणि ‘चवीपुरतं’ याला माप नाही. त्यासाठी महिन्याचा हिशोब विचारा. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो तेल लागत असेल, तर ५००० भागिले १५०, म्हणजे माणशी रोज ३३ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला २००० किलोकॅलरीच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. त्याच घरात १ किलो मीठ महिनाभर पुरत असेल तर माणशी साधारण साडेसहा ग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. यात लोणचं, पापड आणि बाहेरच्या फरसाणातलं मीठ अजून आलेलंच नाही. मात्र पाहुणे किती दिवस होते, लहान मुलं किती, गुरांच्या आंबोणात मीठ जातं का, हेही विचारा. एका घरात माणशी मीठ १४ ग्रॅम निघालं तेव्हा आमच्या मुली हबकल्या होत्या. घरी दोन म्हशी होत्या.

‘काल सकाळी उठल्यापासून सांगा’

काल दिवसभरात काय-काय खाल्लं ते माणसाला आठवून सांगायला लावायचं, याला आम्ही चोवीस तासांचा रिकॉल म्हणतो. पद्धत सोपी वाटते, पण हात बसायला वेळ लागतो. एकाच दमात ‘काय खाल्लं, किती खाल्लं, कशात केलं’ विचारू नका. एकामागून एक फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत माणसाला मध्ये न तोडता काल सकाळपासून रात्रीपर्यंत बोलू द्या. दुसऱ्या फेरीत विसरलेलं आठवून द्या : चहा, भाजी निवडताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, नातवाच्या ताटात उरलेलं, देवळातला प्रसाद, बाजारातली भजी, रात्रीचं दूध. तिसऱ्या फेरीत वेळ आणि जागा. मग मापं. शेवटी सगळं परत वाचून दाखवायचं आणि थांबायचं. त्या शेवटच्या थांबण्यात बरंच काही सापडतं.

चहाकडे खास लक्ष द्या. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा ५ ग्रॅमचा : झाली ४० ग्रॅम साखर आणि १६० किलोकॅलरी. ‘आम्ही गोड खातच नाही’ असं मनापासून सांगणाऱ्या घरात हे रोज चाललेलं असतं. ती माणसं खोटं बोलत नाहीत. चहा त्यांच्या लेखी खाण्यात मोडतच नाही.

ही माहिती बाईकडून घेताना घरातले सगळे जवळ नसले तर बरं. सासूबाईंसमोर सून ‘मी पण तेच खाल्लं’ एवढंच म्हणते. पातेल्यात शेवटी काय उरलं होतं, हे ती एकटी असतानाच कळतं. ‘तुम्ही कितव्या पंगतीला बसता?’ असं मी विचारते. सरळ ‘तुम्हाला पुरतं का’ विचारलं तर नाही म्हणायला जीव संकोचतो.

एका दिवसाच्या रिकॉलवरून गटाची सरासरी काढता येते. एका माणसाची सवय ठरवता येत नाही. चतुर्थीचा दिवस निघाला तर सगळं गाव साबुदाण्यावर जगतं असं वाटेल, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर सगळ्यांच्या ताटात ताजी भाजी. किमान तीन दिवस घ्या, सलग नको. जमलं तर दोन ऋतूंत घ्या. श्रावणातलं आणि मेमधल्या लग्नसराईतलं ताट एक नसतं.

खाल्लेल्याचे पोषक घटक काढायला राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटक सारणी वापरा. देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासलेले आहेत. त्यातले आकडे कच्च्या पदार्थांचे असतात. म्हणून शिजलेली आमटी तोलून थेट सारणीला लावू नका, घातलेली डाळ किती होती तिथपर्यंत मागे जा. इंटरनेटवरच्या परदेशी कोष्टकात भाकरी शोधू नका.

हालचाल : जिथे आमचं सगळ्यात जास्त चुकलं

पहिल्या वर्षीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यात एका बाईंच्या पानावर माझ्या विद्यार्थिनीने लिहिलंय : ‘व्यायाम – नाही. काम – घरीच असते.’ दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच घरी पहाटे पाचला जाऊन बसलो. झाडलोट, गोठ्यातलं शेण काढणं, धारा, पाणी भरणं, चुलीपुढे उकिडवं बसून अकरा भाकरी, धुणं, मग अडीच वाजेपर्यंत भांगलण, येताना डोक्यावर वैरणीचा भारा. ‘घरीच असते’ या दोन शब्दांखाली हे सगळं गाडलं गेलं होतं. आणि आम्ही स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या होतो, तरी आम्हाला ते दिसलं नव्हतं.

म्हणून ‘व्यायाम करता का’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी दिवसाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत भरून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली आहे, तिला जीपॅक म्हणतात. ती हालचालीचे तीन कप्पे करते : काम, जाणं-येणं आणि फावल्या वेळेतला व्यायाम किंवा खेळ. शिवाय बसण्याचा वेळ वेगळा विचारते. घरकाम ‘कामा’त धरायचं असतं, हे प्रश्न विचारणाऱ्यालाही बजावून सांगावं लागतं.

हालचालीची तीव्रता मोजायचं एकक म्हणजे मेट. शांत बसलेल्या शरीराचा खर्च १ मेट. जीपॅकमध्ये मध्यम कामाला ४ आणि जड कामाला ८ धरतात. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल ही प्रौढांसाठीची किमान शिफारस, म्हणजे १५० गुणिले ४, ६०० मेट-मिनिटं. गावातल्या कष्टकरी बाईचा आकडा याच्या कितीतरी पट येतो, आणि बाजारपेठेतल्या दुकानदाराचा पोहोचतही नाही. एकाच गल्लीत.

पावलं मोजणाऱ्या यंत्रांवर फार विसंबू नका. फोनमध्ये मोजणी असते खरी, पण बाईचा फोन फळीवर असतो आणि ती विहिरीवर. कमरेला लावायचं यंत्र चालणं पकडतं, पण वाकून भांगलण, रोप लावणं, धुणं आपटणं, डोक्यावरचा भार, सायकल यातलं काहीच त्याला नीट कळत नाही. यंत्र लावाच, पण खणांची वही सोबत ठेवा आणि दोन्ही ताडून पाहा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. हालचाल म्हणजे नेहमीच आरोग्य, असं धरून चालू नका. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभना राव त्यात आहाराचं आणि कामाचं मोजमाप पाहत होत्या. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एकूण कॅलरी आणि प्रथिनांपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. आणि गरोदरपणाच्या पहिल्या-मधल्या महिन्यांत ज्यांच्यावर शेताचं-घराचं काम जास्त पडलं, त्यांची बाळं लहान होती. पुण्याच्या बागेत सकाळी चालणाऱ्या माणसाची हालचाल आणि अर्धपोटी पाणी ओढणाऱ्या पाच महिन्यांच्या गर्भवतीची हालचाल मेटच्या हिशोबात सारखी दिसू शकते. एकीला मागे विश्रांती आहे, ताट आहे. दुसरीला नाही. म्हणून आहाराचं पान आणि हालचालीचं पान वेगवेगळ्या फायलींत जाऊ देऊ नका. एका माणसाची ती एकाच पानावर शेजारी-शेजारी हवीत.

याच गावांतली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास होती. इंग्लंडच्या साउदम्पटनच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखलेली होती. स्नायू कमी, चरबी टिकलेली. पुढच्या मधुमेहाची मुळं इतक्या लवकर शोधावी लागतात, हे या कामाने दाखवून दिलं.

शरीराची मापं

उंची आणि वजन सगळेच घेतात. आपल्याकडे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, २५ ची वाट पाहत नाहीत. याचं कारण समजायला एक फोटो प्रसिद्ध आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे दिसले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तराजूला ती वेगळी दिसत नाही.

म्हणून कमरेचं माप घ्याच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवा आणि न आवळता. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची सीमा. हे कागदावर एका ओळीत बसतं. प्रत्यक्षात नेसत्या साडीच्या निऱ्यांवरून घेतलेलं माप तीन-चार सेंटिमीटरने फसवतं. आतल्या खोलीत, विद्यार्थिनीनेच, निऱ्या थोड्या खाली घ्यायला सांगून माप घ्यावं. नऊवारी असेल तर आजींना घाई करू नका.

रक्तदाब घेण्याआधी माणसाला पाच मिनिटं टेकून बसू द्या, हात हृदयाच्या पातळीला, पाय जमिनीवर, गप्पा बंद. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. आणि मिशरी नको. मिशरीचं बायका आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं, आणि आपुलकीने विचारावं लागतं. तिची वेगळी नोंद ठेवा, कारण पुढे हिशोब करताना ती मध्ये येणार आहे.

परवानगी घेतल्याशिवाय टेपसुद्धा काढू नका. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, माणसाची लेखी संमती, वहीत नावाऐवजी क्रमांक. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला तर थोड्या वेळाने आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. १८०/१२० च्या वर असेल तर त्याच दिवशी, सोबत जाऊन. रोगाचं नाव आपण सांगायचं नाही.

आधी काय, नंतर काय

सुरुवातीच्या एका वर्षी आमच्या तक्त्यात विचित्र गोष्ट आली. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांची साखर न फिरणाऱ्यांपेक्षा जास्त. बेरजा तीनदा तपासल्या, बरोबर होत्या. मी अहवाल तसाच दिला आणि खाली ‘वयामुळे असावे’ असं लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी एकच विचारलं, ‘ही माणसं फिरायला कधीपासून लागली?’ आम्ही ते विचारलेलंच नव्हतं. परत गावात गेलो. बहुतेकांना साखर निघाल्यावर डॉक्टरांनी फिरायला सांगितलं होतं. फिरण्याने साखर आली नव्हती, साखरेने त्यांना फिरायला लावलं होतं. तो अहवाल मी चूक म्हणून अजून वर्गात दाखवते, माझ्या सहीसकट.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रश्नापुढे दुसरा रकाना आहे : ‘कधीपासून?’ भात सोडला, कधीपासून? ज्वारी सुरू केली, कधीपासून? दूध बंद, का आणि कधीपासून?

एका वेळी घेतलेल्या पाहणीतून कारण सांगता येत नाही. सोबत असणं दिसतं, तेवढंच लिहा. शेतकरी आणि दुकानदार यांची तुलना करायची तर वय, तंबाखू, मिळकत, शिक्षण यांचे गट पाडून आतल्या आत तुलना करा. पन्नाशीच्या शेतकऱ्यासमोर पन्नाशीचाच दुकानदार हवा. माणसं कमी उरतात, आकडे डळमळतात, तरी तेच करा. मॉरिस यांनी पँटची मापं काढली ती याचसाठी.

दुसऱ्यांचा अभ्यास वाचताना

कारण सांगायचं असेल तर माणसांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो. ते तुमच्या-माझ्या आवाक्यात नसतं. पण वाचता यायला हवं. सरावाला चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली ५३१ माणसं, चार गट : नेहमीचा सल्ला, आहार आणि हालचालीत बदल, मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी, आणि बदल व गोळी दोन्ही. तीन वर्षांनी नेहमीच्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-हालचालीच्या गटात ३९.३ टक्क्यांना. वर्तमानपत्रात याची बातमी ‘धोका २८.५ टक्क्यांनी घटला’ अशी येते. गावात सांगताना मी म्हणते : शंभर माणसांनी हे बदल केले तर तीन वर्षांत सोळा-एक जण मधुमेहापासून लांब राहिले, एकोणचाळीस जणांना तरीही झाला. दोन्ही खरं आहे. दुसरं ऐकल्यावर, सगळं करूनही साखर निघालेल्या माणसाला अपराधी वाटत नाही.

आणखी एक पाहा. त्या अभ्यासात जीवनशैली आणि गोळी दोन्ही घेणाऱ्यांना अधिकचा फायदा झाला नाही. वजनही फारसं घटलं नव्हतं, तरी मधुमेह कमी झाला. हे कसं? हिशोब करून बघा. ६० किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १०५ किलोकॅलरी खर्च होतात. ६० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत २०० असतात. अर्धी भाकरी म्हणजे अर्ध्या तासाचं चालणं! एवढ्यावरूनच लोक म्हणतात, चालून काय होतंय. पण स्नायू आकुंचन पावला की ग्लूट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. त्या वेळी इन्सुलिनवाचूनही हे काम चालतं, आणि नंतर दिवस-दीड दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली साथ देतो. म्हणून रविवारी एकदम तीन तास चालण्यापेक्षा रोजचं किंवा एक दिवसाआडचं चालणं कामाला येतं. आण्णांच्या बाबतीत हे मला फार उशिरा कळलं. त्यांना मी वजन कमी करा, वजन कमी करा, एवढंच म्हणत राहिले. जेवणानंतर अंगणात दहा फेऱ्या मारा, एवढं सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने ऐकलं असतं. चालायला त्यांना आवडायचं.

गावाला परत सांगा

बहुतेक प्रकल्प इथेच अर्धवट राहतात. गुण मिळतात, वही कपाटात जाते. ज्यांनी पहाटे पाचला दार उघडून तुम्हाला आत घेतलं त्यांना काय निघालं ते कळलंच पाहिजे. आम्ही देवळाच्या सभामंडपात बसायचो. टक्के नाहीत, आलेख नाहीत. मापाचा पेला, तेलाची बाटली, साखरेच्या चार पुड्या. कुणाच्या घरचं काय हे कधीच नाही, गावाचं मिळून काय एवढंच.

अशाच एका बैठकीत आमची मुलगी सांगत होती की गावात पालेभाजी आठवड्यातून जेमतेम दोनदा होते. मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. ‘तुम्ही बाजारातनं काय आणता असं विचारलंत बाई. बांधावरची कोण विकत आणतंय?’ मग त्यांनी बोटांवर मोजली : घोळ, पाथरी, कुर्डू, तांदूळजा, टाकळा, चिघळ. पावसाळ्यात एक दिवसाआड काहीतरी शिजतंच. आमच्या छापील फॉर्ममध्ये मेथी, पालक, कोथिंबीर एवढंच होतं, तेही ‘खरेदी’ या रकान्यात. आमचा निष्कर्ष त्या फॉर्मनेच घडवला होता.

मावशींना आम्ही पुढच्या आठवड्यात सोबत घेतलं आणि बांध फिरून भाज्या तोलल्या, नावं लिहिली, कोणत्या महिन्यात मिळते ते लिहिलं. सारणीत ज्या सापडल्या त्या लावल्या, ज्या नव्हत्या त्यांच्यापुढे रेघ मारली. त्या वर्षापासून फॉर्मच्या दुसऱ्या पानावर ‘न विकत घेता आणलेलं’ असा आडवा रकाना आहे, आणि त्याच्या खाली सहा ओळी कोऱ्या सोडलेल्या आहेत.